खड्याचें जन्मवर्ष

मुलीचें लग्न ठरलें कीं घरांतील दागिन्यांचा डबा उघडावाच लागतो, आणि तो उघडला कीं सोन्याबरोबर जुन्या गोष्टीहि बाहेर पडतात. २०२५ सालच्या आरंभीं आमच्या घरीं असेंच झालें. माझ्या आजेसासूबाईंच्या सात-सात हिऱ्यांच्या कुड्या नातीच्या मुलीपर्यंत पोंचवावयाच्या, हें कधींच ठरून गेलेलें होतें. परंतु मुलगी पडली आजची. "एवढ्या मोठ्या कुड्या मला कचेरींत घालून जातां येणार नाहीं, त्यांतले खडे काढून मला नाजुक डूल करून द्या," असें तिनें सरळ सांगितलें. म्हणून आम्ही मायलेकी डोंबिवलीहून गाडीनें ठाण्यास गेलों आणि राम मारुती रस्त्यावरील एका पेढीवर त्या कुड्या पुढें ठेवल्या.

पेढीवरील तरुण कारागिरानें पेन्सिलीसारखें एक यंत्र हातीं घेतलें व त्याचें टोंक एकेका खड्यास टेकविलें. प्रत्येक वेळीं यंत्र बारीक आवाज करी. असा आवाज बारा वेळां झाला. दोन्ही कुड्यांच्या मधल्या, सर्वांत मोठ्या खड्यांवर मात्र तें गप्प बसलें. त्यानें टोंक पुसून पुन्हां टेकविलें. यंत्र पुन्हां गप्प. "मावशी, मधले दोन अमेरिकन डायमंड दिसतात," तो जरा संकोचानेंच म्हणाला. आपल्या पेढीवर आळ येऊं नये म्हणून त्यानें लगेच दुसऱ्या गृहस्थांस साक्षीस बोलावून घेतलें.

मला आश्चर्य वाटलें नाहीं. मधले खडे बदललेले आहेत हें आमच्या घरांत पस्तीस वर्षें माहीत होतें, आणि ते कोणीं बदलले हेंहि आम्ही माहीत असल्यासारखेंच धरून चाललों होतों. १९६८ सालीं एका कुडीचें मळसूत्र झिजलें, तेव्हां माझ्या सासऱ्यांनीं त्या कल्याणच्या एका सोनाराकडे दुरुस्तीस दिल्या होत्या. या सोनारांच्या घराण्याशीं आमचा दोन पिढ्यांचा व्यवहार. पुढें १९९० सालीं माझ्या लग्नांत त्या कुड्या माझ्या कानांत होत्या. मांडवांतच सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीनें, म्हणजे आमच्या आत्याबाईंनीं, माझी हनुवटी धरून मान वळविली आणि चारचौघींदेखत म्हटलें, "मधले खडे भलतेच रंग फेंकताहेत ग! आमच्या आईचे हिरे असे नव्हते." झालें. कुड्या घराबाहेर गेल्या होत्या त्या एकदांच, एवढेंच सर्वांना आठवलें. भांडण झालें नाहीं, फिर्याद झाली नाहीं. आम्ही त्या दुकानाची पायरी चढणें सोडलें आणि कां सोडलें तें नातलगांना सांगितलें. कल्याणसारख्या गांवांत सोनाराला याहून मोठी शिक्षा नाहीं. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या एका सोनारानें पाण्याचें टांकें खोदून दिल्याचा शिलालेख आहे. तेथील या पेशाची अब्रू इतकी जुनी, आणि ती घालवावयास आमच्या मांडवांतलें एक वाक्य पुरलें.

मीं पंचवीस वर्षें शाळेंत रसायनशास्त्र शिकविलें. तेव्हां लाज वाटावयाची ती याची कीं, एवढ्या काळांत मला एक साधा प्रश्न सुचला नाहीं. तो ठाण्याच्या पेढीवर, त्या गप्प बसलेल्या यंत्राकडे पाहतांना सुचला. हा खडा आहे तरी कोण, आणि तो जन्मला केव्हां?

यंत्र तर फक्त 'हा हिरा नव्हे' एवढेंच सांगतें. तें उष्णतेवर चालतें. हिरा उष्णता विलक्षण वेगानें वाहून नेतो; स्वयंपाकघरांतील तांबें त्याच्यापुढें कांहींच नव्हे, कारण उत्तम हिरा तांब्याच्या जवळजवळ पांचपट वाहक असतो. म्हणूनच हिरा ओठांस लावला तर थंड लागतो, आणि त्यावर सोडलेली वाफ तत्क्षणीं उडून जाते. यंत्राचें तापलेलें टोंक खड्यानें झटकन् थंड केलें कीं तें वाजतें. कांचेवर, स्फटिकावर, पुष्कराजावर तें सारखेंच मुकें राहतें. म्हणून एक खडा कोंदणांतून काढवून आम्हीं मुंबईच्या एका रत्नपरीक्षण-प्रयोगशाळेकडे पाठविला. दाखला आला : क्यूबिक झिर्कोनिया, म्हणजेच बाजारांतील अमेरिकन डायमंड.

हिऱ्याची नक्कल ही कांहीं आजची विद्या नव्हे. गरुडपुराणांतील रत्नपरीक्षेच्या अध्यायांत, कुशल लोक लोह, पुष्कराज, गोमेद, वैडूर्य, स्फटिक व नाना प्रकारच्या कांचा यांपासून वज्राचीं प्रतिरूपें करतात अशी स्पष्ट सूचना आहे, आणि क्षार लावून, ओरखडा काढून व सहाणेवर घासून परीक्षा करावी असा उपायहि तेथेंच दिलेला आहे. अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत जगाला हिरे पुरविणारा देश मुख्यतः आपलाच. तेव्हां खोटे हिरे ओळखण्याची गरजहि प्रथम आपणांसच पडावी हें स्वाभाविक आहे. त्याच शतकांत पॅरिसच्या श्ट्रास नांवाच्या जवाहिऱ्यानें शिसें मिसळलेल्या कांचेचे खडे इतके लोकप्रिय केले कीं, तसल्या खड्यांना युरोपांत त्याचेंच नांव चिकटलें. आपल्याकडे तापवून रंग घालविलेला झिरकॉन व पांढरा पुष्कराज हे हिऱ्याचे जुने तोतये. विसाव्या शतकांत प्रयोगशाळांनीं एकामागून एक नवे उमेदवार पुढें केले. १९४८ सालचें कृत्रिम रुटाइल पिवळट निघालें. १९५५ च्या सुमारास आलेलें स्ट्रॉन्शियम टायटानेट रंगांची आतषबाजी करी, परंतु इतकें मऊ कीं थोड्याच दिवसांत त्याच्या पैलूंच्या कडा बोथट होत.

आमचा खडा या सर्वांचा धाकटा भाऊ. १९३७ सालीं श्टाकेलबेर्ग व खुडोबा या दोघा जर्मन शास्त्रज्ञांना झिरकॉनच्या पोटांत झिर्कोनियाचे घनाकृति स्फटिक सांपडले. पण ते इतके सूक्ष्म कीं, त्या दोघांनीं त्यांस निराळें नांव देण्याचीहि तसदी घेतली नाहीं. दागिन्याजोगा मोठा स्फटिक करावयाचा तर झिर्कोनिया वितळविली पाहिजे, आणि ती वितळते सुमारें २,७०० अंश सेल्सियसवर. एवढ्या उष्णतेंत टिकणारें भांडें आणावें कोठून? लोखंड तर त्याच्या कितीतरी आधींच पाण्यासारखें होतें. मॉस्कोच्या लेबेदेव भौतिकी संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं १९७३ सालीं सिद्ध केलेली युक्ति मुलांना शिकवितांना मला नेहमीं मोह पडे. तांब्याच्या नळ्यांचा एक पिंजरा करून नळ्यांतून थंड पाणी खेळवावयाचें, पिंजऱ्यांत झिर्कोनियाची भुकटी भरावयाची आणि बाहेरून उच्च कंपनांच्या विद्युल्लहरी सोडावयाच्या. मधली भुकटी वितळते. नळ्यांलगतची मात्र थंड राहून तिचें घट्ट कवच बनतें. म्हणजे पदार्थ आपलें भांडें आपणच होतो! स्फटिक निवतांना तडकूं नये म्हणून चुना किंवा यिट्रियम धातूचें भस्म थोडेसें मिसळतात. रशियांत या खड्यास संस्थेच्या आद्याक्षरांवरून 'फियानाइट' म्हणूं लागले. १९७६ पासून तो व्यापारी प्रमाणावर बनूं लागून जगाच्या बाजारांत आला, आणि आपल्याकडे त्याचें बारसें झालें अमेरिकन डायमंड! जर्मनांनीं पाहिला, रशियनांनीं घडविला आणि नांव लागलें तिसऱ्याचेंच. कल्याण-ठाणें गाडीच्या स्त्रियांच्या डब्यांत कानांतल्यांचे पुठ्ठे घेऊन फिरणाऱ्या बाईपासून झगझगीत पेढीपर्यंत आज तो याच नांवानें विकला जातो. कोणी त्याला नुसतें 'झिरकॉन'हि म्हणतात. तें मात्र चूक, कारण झिरकॉन हें निराळें नैसर्गिक खनिज आहे.

आतां वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. कुड्या कल्याणच्या सोनाराकडे गेल्या त्या १९६८ सालीं. आणि मधला खडा १९७६ पूर्वीं बाजारांत मिळतच नव्हता! सोनारानें कांच बसविली असती, पुष्कराज बसविला असता, झिरकॉन बसविला असता. पण जो पदार्थ अद्याप बाजारांत जन्मलाच नव्हता तो त्याच्या हातीं यावा कोठून?

मग बदल केला कोणीं? प्रयोगशाळेचा कागद घेऊन मी घरीं आलें तेव्हां सासूबाई गवारीच्या शेंगा मोडीत बसल्या होत्या. त्यांचें वय सत्याऐंशी. कान थोडे अधू, बुद्धि लख्ख. मीं त्यांस सारें समजावून सांगितलें. त्यांनीं शेवटची शेंग मोडली, ताट बाजूस सारलें आणि म्हणाल्या, "त्र्याऐंशी साल होतें. मार्चचा महिना."

१८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सासरे परळच्या एका गिरणींत कारकून होते. संप कामगारांचा, परंतु चाकेंच थांबल्यावर कारकुनांचा पगार चालावा कसा? वर्षभरांत शिल्लक संपली. माझे यजमान तेव्हां बाहेरगांवीं अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत होते. सासूबाई सांगत होत्या : "ह्यांनीं एका रात्रीं बोलून दाखविलें, त्याला घरीं बोलावूं आणि कोठें तरी चिकटवूं. मी दुसऱ्या दिवशीं माहेरीं जातें म्हणून दादरला गेलें. दुकानदारानें दोन मधल्या खड्यांचे तीन हजार दोनशें दिले, आणि पंधरा-पंधरा रुपयांचे हे दोन त्याच जागीं बसवून दिले. म्हणाला, बाई, भिंगाशिवाय कोणाला कळणार नाहीं. ह्यांना सांगितलें, भावानें दिले."

"पण मग मांडवांत आत्याबाई बोलल्या तेव्हां?"

"तेव्हां बोललें असतें तर ह्यांची मान खालीं गेली असती. चारचौघांत, मुलाच्या लग्नांत. मग बोलावयाचें राहिलें तें राहिलेंच. २००४ सालीं हे गेले, तेव्हां वाटलें होतें सांगावें. पण त्याच्या आधींच तो सोनारहि गेला होता." थोड्या वेळानें त्या म्हणाल्या, "चांगला माणूस होता. मंगळसूत्र ओवून दिलें तर दोऱ्याचेसुद्धां पैसे घेत नसे."

यावर मी काय बोलणार? ज्या शिक्षणामुळें माझा संसार उभा राहिला त्याची किंमत माझ्याच कानांत लोंबत होती, आणि तिचें व्याज दुसऱ्याच घरानें भरलें होतें.

असो. पेढीवरील कारागिराचा प्रश्न तसाच होता. काढलेल्या खड्याच्या जागीं बसवावयाचें काय? मुलीनें डुलांचा हट्ट आपणहून सोडला. कुड्या कुड्याच राहाव्यात असें तीच म्हणूं लागली. मधल्या जागेकरितां मात्र तिनें चार पर्याय लिहून आणले, आणि त्या निमित्तानें आजचा बाजार मला पाहावयास मिळाला. पांढरा नीलमणि व कृत्रिम स्पिनेल हे मीं लगेच वगळले. कठीण आहेत, पण हिऱ्याशेजारीं ते पाणी भरल्यासारखे मंद दिसतात. राहिले दोन : मॉइसनाइट आणि प्रयोगशाळेंत वाढविलेला हिरा.

मॉइसनाइटची हकीकत गमतीची आहे. आंरी मॉइसां हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ, पुढें १९०६ चा नोबेल पारितोषिकविजेता, कृत्रिम हिरा करण्याच्या ध्यासानें झपाटलेला होता. वितळलेल्या लोखंडांत कोळसा विरघळवून तो एकदम थंड करावयाचा असे त्याचे १८९३ च्या सुमाराचे प्रयोग. पण खरा हिरा त्याला साधला नाहीं असेंच आज मानतात. त्याच काळांत अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांतांत पडलेल्या उल्केच्या तुकड्यांत त्याला कांहीं चकचकीत कण सांपडले. प्रथम ते हिरेच वाटले. पुढें ते सिलिकॉन कार्बाइड असल्याचें ठरलें, आणि १९०५ सालीं त्या खनिजास त्याचें नांव मिळालें. हेंच सिलिकॉन कार्बाइड, ओबडधोबड रूपांत, सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याच्या चाकांत असतें! त्याचा स्वच्छ, रंगहीन स्फटिक वाढविण्याची विद्या साधल्यावर १९९८ पासून तो रत्न म्हणून विकला जाऊं लागला. काठिण्यांत तो हिऱ्याच्या खालोखाल, सव्वानऊ. अमेरिकन डायमंड सव्वाआठाच्या आसपास. प्रकाशाचे सप्तरंग फोडण्यांत मॉइसनाइट हिऱ्याच्या दुपटीहून पुढें. उष्णताहि तो चांगली वाहून नेतो, त्यामुळें तें पेन्सिलीसारखें यंत्र त्याला खुशाल हिरा ठरवितें. म्हणून शहाण्या पेढ्यांवर आतां विजेच्या वहनाचीहि परीक्षा घेणारें दुसरें यंत्र असतें. भिंगाखालीं तिरपें पाहिलें तर मागच्या पैलूंच्या कडा जोडीनें दिसतात; हिऱ्यांत त्या कधींच दुहेरी दिसत नाहींत. मला हा खडा आवडला. पण आजेसासूबाईंच्या बारा जुन्या हिऱ्यांच्या मधोमध तो नाटकांतल्या राजासारखा दिसला असता.

जुन्या हिऱ्यांचें तेज सौम्य कां, याचें उत्तर पैलूंत आहे. आपले जुने कारागीर वजन राखीत; पाश्चात्यांनीं वजन सोडून चकाकी घेतली. त्र्यंबकेश्वरचा म्हणून प्रसिद्ध असलेला नाशिकचा हिरा १८१८ सालीं पेशवाईबरोबर इंग्रजांकडे गेला तेव्हां नव्वद कॅरटांच्या घरांत होता. दोनदां पैलू पाडून घेऊन १९४० सालीं न्यूयॉर्कमध्यें तो ४३.३८ कॅरट उरला. निम्मा हिरा गेला तो केवळ झगमगाटापायीं. तेव्हां झगमग ही जशी दगडाची तशी पैलू पाडणाऱ्याचीहि असते, आणि म्हणूनच पंधरा रुपयांचा खडा मांडवांत हिऱ्याहून अधिक चमकूं शकला. भिंगाखालीं पाहतां आमच्या मधल्या खड्यांचे पैलू यंत्रावरचे, काटेकोर. भोंवतालचे हातचे, जरा वेडेवांकडे. आत्याबाईंचा डोळा खरा होता. चुकला तो तर्क.

आतां चौथा पर्याय. प्रयोगशाळेंतील हिऱ्याला कित्येक घरांत अजून 'खोटा' म्हणतात, तें शास्त्रतः चूक आहे. हिरा म्हणजे शुद्ध कोळसा हें स्मिथसन टेनंटनें १७९७ सालींच हिरा जाळून दाखवून दिलें होतें. स्वीडनमध्यें १९५३ च्या फेब्रुवारींत आणि अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनींत १६ डिसेंबर १९५४ रोजीं तो प्रचंड दाब व उष्णता देऊन प्रत्यक्ष घडविण्यांत आला. ते दाणे यंत्रांच्या कामाचे; दागिन्याच्या प्रतीचे हिरे त्याच अमेरिकन कंपनीनें १९७० सालीं केले, पण तेव्हां ते खाणींतल्याहून महाग पडत. आजकाल दुसरी रीतहि फार चालते. हिऱ्याची पातळ चकती विरजणासारखी ठेवावयाची आणि मिथेन व हायड्रोजन वायूंना अतितप्त करून त्यांतला कर्ब थरांवर थर त्या चकतीवर बसूं द्यावयाचा. कांहीं आठवड्यांत हिरा लागतो. दह्याचें विरजण चांगलें तर दही चांगलें, हा न्याय येथेंहि आहे. पृथ्वीच्या पोटांत दीडशें किलोमीटरांहून खोल, शंभर कोटी वर्षांपूर्वीं आणि त्याच्याहि आधीं जे हिरे घडले, त्यांत आणि ह्यांत डोळ्यानें, भिंगानें किंवा त्या वाजणाऱ्या यंत्रानें भेद करतां येत नाहीं. त्याला प्रयोगशाळाच लागते. आपल्या देशांत सुरतेस हा धंदा भराभर वाढला. २०२३ च्या अर्थसंकल्पांत केंद्र सरकारनें त्या विरजणाच्या बीजांवरील आयातकर काढून टाकला आणि मद्रासच्या आय. आय. टी.स संशोधनासाठीं पांच वर्षांत सुमारें २४३ कोटी रुपयांची मदत देऊं केली.

माझ्या मुलीनें व जांवयांनीं साखरपुड्याच्या अंगठ्या याच हिऱ्याच्या घेतल्या. व्याही थोडे नाराज झाले. मी झालें नाहीं. परंतु मुलीला मीं एक गोष्ट बजावली, ती वाचकभगिनींसहि सांगतें. हा हिरा शालूसारखा घ्यावा, ठेवीच्या पावतीसारखा घेऊं नये. खाणींच्या हिऱ्यांवर ज्यांचें साम्राज्य उभें, त्या डी बीअर्स कंपनीनें २०१८ सालीं प्रयोगशाळेंतील हिरे कॅरटास ८०० डॉलर या दरानें विकावयास काढले, तेव्हां तेंच स्वस्त वाटलें. २०२४ सालीं तो दर ५०० वर आला, आणि २०२५ सालीं त्यांनीं तें दुकानच बंद करीत असल्याचें जाहीर केलें. जी वस्तु हवी तेवढी बनवितां येते तिची किंमत उतरणारच. नैसर्गिक हिराहि विकावयास गेल्यावर घेतल्या भावानें कोणी परत घेत नाहीं, हें सासूबाईंच्या तीन हजार दोनशें रुपयांवरून आम्हांस पुरतें कळलें होतें; पण त्याची उतरण इतकी वेगवान नसते.

खरा घोटाळा खड्यांत नसून त्यांच्या नांवांत आहे. अमेरिकेच्या व्यापार आयोगानें २०१८ सालीं हिऱ्याच्या व्याख्येंतून 'नैसर्गिक' हा शब्द गाळला. उलट २०१५ च्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणें नुसतें 'हिरा' म्हटलें तर तो नैसर्गिकच समजावा, दुसरा असेल तर तसें स्पष्ट लिहावें. मला ही दुसरी रीत सोयीची वाटते. बारीक खड्यांच्या जडावांत खाणीचे व प्रयोगशाळेचे हिरे न सांगतां मिसळण्याची तक्रार व्यापारांत वारंवार ऐकूं येते, आणि राईएवढे खडे एकेक करून तपासणें कोणा गृहिणीस शक्य नाहीं.

पावतीबद्दल आणखी एक. २०२१ च्या जूनपासून टप्प्याटप्प्यानें सक्तीचा झालेला हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेविषयीं बोलतो. खड्याविषयीं तो एक अक्षरहि बोलत नाहीं. पावतीवर एकूण वजन निराळें, खड्यांचें निराळें आणि निव्वळ सोन्याचें निराळें लिहून घ्यावें. अमेरिकन डायमंड दिसावयास हिऱ्याएवढाच असला तरी वजनास दीडपटीहून अधिक भरतो. २०२५ सालीं दहा ग्रॅम सोन्यानें एक लाखाचा आंकडा ओलांडला. अशा दिवसांत ग्रॅमभर खडे सोन्याच्या भावानें तोलले गेले तर दहा हजारांवर पाणी पडतें, आणि मोडीच्या वेळीं त्या खड्यांचें मोल शून्य. घरगुती परीक्षांपैकीं वाफेची परीक्षा बरी. कांचेवर ओरखडा काढण्याची निरर्थक, कारण अमेरिकन डायमंडहि कांच ओरखडतो. हातोड्याची परीक्षा तर मुळींच करूं नये. हिरा अत्यंत कठीण आहे, पण चिवट नाहीं. नेमका घाव बसला तर खडीसाखरेसारखा फुटतो.

चारहि पर्याय मीं सासूबाईंपुढें मांडले. त्यांनीं ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "खड्याचें मागाहून पाहूं. आधीं मला कल्याणला ने."

पारनाक्याजवळच्या त्या दुकानांत आतां सोनारांचा मुलगा बसतो; त्याचेहि केस पिकले आहेत. सासूबाईंना दोन पायऱ्या चढावयास मीं व मुलीनें हात दिला. त्यांनीं बसावयास नकार दिला, आणि उभ्यानेंच, त्र्याऐंशी सालापासून सर्व सांगितलें. भावाचें नांव खोटें सांगितलें होतें तेंहि. मी प्रयोगशाळेचा कागद पुढें केला, पण त्यानें तो पाहिलाच नाहीं. कुड्या हातीं घेतल्या, डोळ्यास भिंग लावलें आणि बराच वेळ मधल्या कोंदणाकडे पाहात राहिला.

"मळसूत्र अण्णांच्या हातचें आहे," तो म्हणाला. "कोंदण त्यांचें नव्हे. ते असे कांटे कधीं वळवीत नसत." मग भिंग काढून, "आजी, आपण बसा तरी."

त्यानंतर सासूबाई बसल्या. चहा आला. मधल्या जागीं कोणता खडा बसवूं असें त्यानें विचारलें, तेव्हां मुलीनें माझ्याकडे पाहिलें आणि मीं सासूबाईंकडे.

"तेच दोन परत बसव," सासूबाई म्हणाल्या. "पण घट्ट बसव, आणि पावतीवर लिही."

त्यानें मजुरी घेतली, तीहि नेहमींच्या दरानें; याचें मला बरें वाटलें. लग्नांत कुड्या मुलीच्या कानांत होत्या. पावती दागिन्यांच्या डब्यांत आहे : कुड्यांची जोडी एक, जुने हिरे १२, अमेरिकन डायमंड २, मळसूत्र मूळचें.